टायगरला मी शिकवलं होतं

"कुत्र्याले धुऊन काढा. तिनं हात लावला त्याले."

मालकीणबाई पडवीतून बोलल्या. माझ्याशी नाही, गड्याशी. मी अंगणात उभी होते. हातात बांबूची दांडी, दांडीच्या टोकाला कुत्रं. गड्यानं दांडी माझ्याकडून घेतली ती फडक्यानं धरून. मग विहिरीवर रहाट करकरला. बादली दगडावर आदळली. कुत्रं कुईकुई करायला लागलं. थंडीचे दिवस होते.

मला आधी समजलंच नाही. वाटलं, कुत्र्याच्या पायाला शेण लागलं असेल. मग समजलं. ते कुत्रं आमच्याच वस्तीतलं. कालपरवापर्यंत उकिरड्यावर लोळत होतं. तेव्हा त्याला कोणी धुतलं नाही. मालकांच्या अंगणात आणून बांधलं, तेव्हाही नाही. मी हात लावला तेव्हा धुतलं.

कुत्रं घाण नव्हतं. मी घाण होते.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मी शिकवायची, ते धुवायचे. कुत्र्यालाही कळायला लागलं. शिकवणं संपत आलं की ते माझ्या पायांत घुसायचं. गडी ओढायचा, ते नखं जमिनीत रोवायचं. मी ऐकत उभी राहायची. गड्यानं एकदा हळूच म्हटलं, "माहा इलाज नाही वो बाई." त्याचा नव्हताच. माझा होता का, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

आमचं गाव मोहाडी तालुक्यात, करडी गावाच्या अंगाला. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. आमची वस्ती तलावाच्या पाळीच्या, बांधाच्या, पलीकडं. आम्ही दीक्षा घेतलेले लोक. घरातले देव केव्हाच पाण्यात सोडले होते. गावाच्या तोंडात मात्र आमचं जुनंच नाव होतं, आणि ते थुंकल्यासारखं बाहेर यायचं.

मी लहान असताना घरात देवी आल्या. धाकटी बहीण गेली. मी राहिले, माझे डोळे गेले. शेजारणी मायला म्हणायच्या, "एक तरी वाचली वो." माय मला बिड्या वळायला शिकवायला लागली. बिडी वळायला डोळे लागत नाहीत. तेंदूपान कातरायला लागतात. माय कातरायची, मी वळायची. सूप मांडीवर, बोटांत तंबाखू, दिवसभर. उठायचं ते फक्त बाहेर जायला, आणि तेव्हाही कोणीतरी हात धरून न्यायला पाहिजे. कोणी नसलं की दाबून बसायचं. बाईमाणसाला हे सांगावं लागणार नाही.

एकदा मी एकटीच गेले आणि नाल्यात पडले. पाय मुरगळला. दुपारभर तिथंच होते. गुराख्यानं पाहिलं तेव्हा घरी आले.

माझा बा मालकांच्या शिकारीची कुत्री सांभाळायचा, हाकाऱ्यात जनावर उठवायला ढोल वाजवायचा. पुढं जंगलात शिकारीला बंदी आली. मग शिकार चोरून व्हायला लागली, आणि बा मालकांच्या धानगिरणीत पोती उचलायला लागला. पण कुत्र्यांची भाषा त्याच्या अंगात होती. नाल्याच्या त्या दिवसानंतर तो म्हणाला, "माणूस रोज तुह्यासंगं येत नाही पोरी. कुत्रं येईल."

त्यानं एक पांढरी पिल्ली आणली. तिचं नाव चांदी. ती मोठी झाल्यावर बानं आपला दुपट्टा डोळ्यांवर घट्ट बांधला आणि तिच्या मागून चालायला लागला. वस्तीतून, पाळीवरून, गावातून. लोक हसायचे. "आंधळीचा बापबी आंधळा झाला का बे!" बा पडायचा, उठायचा, पुन्हा चालायचा. दोरी कामाची नाही हे त्याला असंच कळलं. दोरी सैल पडते, काही सांगत नाही. मग त्यानं चांदीच्या छातीला चामड्याचा पट्टा केला आणि त्याला बांबूची दांडी बसवली. दांडीतून कुत्र्याचं अंग आपल्या हातात येतं. ते वळलं की मनगट वळतं. ते थांबलं की छातीला कळतं.

खड्ड्यापाशी थांबायचं. बैलगाडी आली की बाजूला घ्यायचं. झाडाची फांदी खाली असली तर कुत्रं तिच्याखालून सहज जातं, माणसाचं डोकं फुटतं. तेही शिकवायचं. आणि सगळ्यांत शेवटी एक गोष्ट. माणूस "चल" म्हणतो आणि पुढं विहीर आहे, तर कुत्र्यानं चालायचं नाही. बसायचं. माणूस ओरडला तरी बसायचं, मारलं तरी बसायचं.

"ऐकाले सारीच कुत्री शिकतेत," बा म्हणायचा. "न ऐकाले शिकवणं, थे कठीण काम हाय."

चांदी शिकली. मग मला माझे पाय मिळाले. मी मोहाडीच्या बाजाराला एकटी जायला लागले. मिरच्या हातानं चाचपून घ्यायची. गिरणीत बाची भाकर न्यायची. तलावाच्या पाळीवर नुसतीच जाऊन बसायची, कारण नसताना. कारण नसताना कुठं जाता येणं काय असतं, ते डोळस माणसाला सांगून कळत नाही.

मालकांनी मला गिरणीतच पाहिलं.

मालकांचा मुलगा दिनकरबाबू, आम्ही त्यांना धाकले मालक म्हणायचो, नागपूरला कॉलेजात होते. दिवाळीत घरी आले आणि रानडुकराच्या मागं गेले. बंदूक तोंडावर फुटली. गावात सांगितलं, गिरणीतला बॉयलर उडाला. बा त्या हाकाऱ्यात होता. तोही म्हणायचा, बॉयलर उडाला.

डोळे गेले ते गेलेच. मुंबईपर्यंत नेऊन आणलं. मग एक दिवस मालकांनी बाला आणि मला बोलावलं. आम्ही फाटकाच्या आत, पण पायरीच्या खाली. मालक म्हणाले, "विलायतेत आंधळ्यायले कुत्रे फिरवतेत म्हणते, डॉक्टरसाहेब सांगत होते. तुह्या पोट्टीजवळ तसंच हाय ना? आमच्या दिनकरसाठी एक तयार करून दे."

"हो जी," बा म्हणाला.

घरी आल्यावर माय बाला म्हणाली, "तुमी हो म्हणून आले. तिले पुसलं का?"

"मालकाले नाही म्हणता येते का?"

मायनं कातर उचलली आणि पानं कातरायला लागली.

तर अशी मी त्या अंगणात गेले. कुत्रं मीच निवडलं. चांदीच्या बहिणीचं पिल्लू, रुंद छातीचं, न भिणारं. आम्ही त्याला शेऱ्या म्हणायचो. त्यांनी टायगर केलं.

दुपारी मला गोठ्यात बसवायचे. पत्रावळीवर वरून भात टाकायचे. टायगरला पितळेची वाटी होती. फरशीवर ठेवली की खणकन वाजायची. पत्रावळीला आवाज नसतो. मी जेवायची आणि तो खणखणाट ऐकायची.

कुत्रं शिकलं तरी काम निम्मंच होतं. माणूस शिकवावा लागतो. दांडी कशी धरायची, केव्हा सैल, केव्हा घट्ट. त्यासाठी त्याच्या हातावर आपला हात ठेवावा लागतो. मी तसं म्हटलं, तर मालकीणबाईंनी तिथल्या तिथं तोडलं. "हात नाही लावाचा. काठीनं दाखव."

मग मी एक छडी घेतली. छडीच्या टोकानं त्याच्या मनगटाला शिवायची. सैल करा जी. घट्ट धरा जी. खांदा खाली घ्या जी. दोन आंधळी माणसं, मध्ये काठी, आणि खाली कुत्रं. टायगरला आम्हा दोघांनाही शिवायची मुभा होती.

दिनकरबाबू चिडके होते. ठेच लागली की टायगरला लाथ घालायचे. मी म्हणायची, "त्याले मारू नका जी. त्याचा भरोसा तुटते." ते म्हणायचे, "तू मले शिकवू नको." आणि मला तर त्यांना शिकवायलाच आणलेलं.

पण एक दुपार आठवते. घरात कोणी नव्हतं. आम्ही आवळ्याच्या झाडाखाली थांबलो होतो. टायगर धापा टाकत होता. एकदम त्यांनी विचारलं, "तुले सपनात दिसते का?"

मी म्हटलं, "दिसते जी. माय दिसते. हिरव्या लुगड्यात. थे लुगडं कवाचं फाटलं, पण सपनात नवंच हाय."

मग त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला. ते रडत होते. म्हणाले, "मले आता सपनातबी धूरच दिसते." आणि त्यांनी हात पुढं केला. काहीतरी धरायला. हवेत चाचपडत तो माझ्या हातावर आला आणि तिथंच राहिला. मी काढला नाही. मला दया आली. तो मालकांचा मुलगा होता हे मी थोडा वेळ विसरले. तोही विसरला असेल.

मालकीणबाईंच्या बांगड्या वाजल्या. त्या पडवीत येऊन उभ्या होत्या.

"हे काय?"

दिनकरबाबूंनी हात झटकन ओढून घेतला. म्हणाले, "मी नाही आई. हीच जवळ आली."

थप्पड इतकी जोरात बसली की कानात शिट्टी वाजायला लागली. ती मालकीणबाईंची नव्हती. त्या कशाला हात लावतील? त्यांनी मोलकरणीला सांगितलं, मोलकरणीनं मारली. मग घरात पाणी तापवायला ठेवलं, धाकल्या मालकांच्या आंघोळीसाठी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. बा म्हणाला, जा. मी गेले.

टायगर तयार झाला. दिनकरबाबू गावातून एकटे फिरायला लागले. लोक वाट सोडून उभे राहायचे. "वा धाकले मालक!" मी चांदीच्या मागं गावातून जायची तेव्हा पोरं खडे मारायची. चाल तीच, दांडी तीच. चांदी आणि टायगर एकाच रक्ताचे.

मग मोहाडीला अपंगांचा मेळावा भरला. शामियाना, माईक, नागपूरचे पाहुणे. मालकांनी मलाही यायला सांगितलं. मी धुतलेलं लुगडं नेसले. वाटलं, बोलावलं आपल्याला. तिथं गेल्यावर कळलं, टायगर नव्या जागी बावरला तर कोणीतरी हाताशी पाहिजे म्हणून आणलं. मला शामियान्याच्या मागं उभं केलं, जिथं स्वयंपाकाच्या चुली होत्या.

माईकवरून कोणीतरी शुद्ध मराठीत बोलत होतं. "दिनकररावांनी खचून न जाता, स्वतःच्या जिद्दीने या श्वानाला प्रशिक्षण दिले आहे."

मी चुलीपाशी भाजी ढवळणाऱ्या बाईला विचारलं, "श्वान म्हणजे काय वो?"

"कुत्रं," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजल्या. मीही वाजवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वाजले.

शेवटी आंधळ्यांना पांढऱ्या काठ्या वाटल्या. कोणीतरी माझ्याही हातात एक कोंबली. "घे माय, चालाले कामी पडेल." चांदी माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. त्या माणसाला ती दिसली नाही, की दिसूनही कुत्रंच वाटली, ठाऊक नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, म्हणजे तिथं नव्हते. बानं सांगितलं ते सांगते.

उन्हाळ्यात दिनकरबाबूंचे कॉलेजातले मित्र आले. त्यांना गिरणी दाखवायला ते टायगरला घेऊन निघाले. गिरणीत धान उकडायच्या आधी भिजत घालायचा हौद होता. जमिनीत खोल, वर फळ्या. त्या दिवशी फळ्या काढलेल्या होत्या, आत कढत पाणी. मित्र मागं राहून गप्पा मारत होते. दिनकरबाबू पुढं. हौदाजवळ टायगर त्यांच्या पायांत आडवा बसला.

"चल," ते म्हणाले.

टायगर बसून राहिला.

"चल टायगर!"

नाही. मागून एक मित्र हसला. "यार, तेरा कुत्ता तो तेरी सुनता ही नहीं."

दिनकरबाबूंनी लाथ मारली. टायगर हलला नाही. हातात पितळी मुठीची काठी होती, ती उलटी धरून मारायला लागले. डोक्यावर, पाठीवर, बरगड्यांवर. बा गिरणीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो ओरडला, "पुढं हौद हाय जी!" पण गिरणी चालू होती, कोणाला काय ऐकू येणार? टायगर केकाटत होता आणि बसलेला होता. सरकला नाही. शेवटी दिनकरबाबू त्याला ओलांडून पुढं पाऊल टाकायला गेले. बानं पाठीवरचं पोतं फेकलं, धावला, आणि कमरेला मिठी मारून त्यांना मागं ओढलं. दोघंही पडले.

गिरणी थांबवली. मालक आले. हौदातून वाफ निघत होती. मालकांनी मुलाला उठवलं. मग पहिला प्रश्न विचारला.

"याले हात कोणी लावला?"

बा म्हणाला, "मी जी."

मालकांनी पायातला जोडा काढला.

टायगर फरफटत कोंड्याच्या ढिगावर गेला. सकाळपर्यंत मेला. मालक सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "कुत्रं ऐकत नव्हतं. पोट्टीनं नीट शिकवलं नाही."

बा हे सांगत होता तेव्हा त्याच्या अंगाला कोंड्याचा वास येत होता. मी सूप मांडीवर घेऊन बसले होते. मला रडू आलं नाही. हात थांबले तेवढे.

नीट शिकवलं नाही. मी त्याला हेच तर शिकवलं होतं. मालक चल म्हणाला, पुढं मरण आहे, तर बस. तो बसला. मार खात बसला. आणि मी? मला चल म्हटलं, मी चालले. हात लावू नको म्हटलं, नाही लावला. गोठ्यात जेव म्हटलं, जेवले. थोबाडीत खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. माझ्या कामाचं नाव दुसऱ्याला दिलं, तर टाळ्या वाजवल्या. उकिरड्यावरच्या कुत्र्याला जे मी शिकवलं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. बाला येत होतं, पण ते त्यानं फक्त कुत्र्यांना शिकवलं. त्याला वाटलं असेल, माणसाला ते परवडत नाही.

टायगर मेल्याला फार दिवस झाले नसतील. जीप वस्तीत आली. मालकांची जीप आमच्या वस्तीत कधी येत नसे. पोरं मागं धावली. जीप आमच्या दारात थांबली, इंजिन चालूच. मालक खाली उतरले नाहीत.

"त्या कुत्रीले गाडीत टाक," ते बाला म्हणाले. "दिनकर घरात बसून खंगून राहिला. नवीन कुत्रं तयार व्हाले लई दिवस लागतेत. ही आयती हाय."

बानं काही म्हणायच्या आत मी उठले. चांदी माझ्या डाव्या पायाशी होती. मी म्हटलं, "चांदी माही हाय. मी कशी फिरू?"

मालक हसले. खरंच हसले, रागानं नाही. त्यांना माझं बोलणं मजेचं वाटलं.

"तुले कुठी जाचं असते वो?"

शिव्या मी खूप खाल्ल्या होत्या. जातीवरून, डोळ्यांवरून. पण हे वाक्य शिवीही नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की माझ्यासारखीला कुठं जायचं नसतं. सूप, झोपडी, गोठा. तेवढ्यात जगून मरायचं. पाय मिळाले तर ते फिरून दुसऱ्याच्या उपयोगी पडावेत.

"मले जिथं जाचं तिथं मी जाईन," मी म्हटलं. "कुत्री देत नाही."

'जी' म्हटलं नाही. माझ्या तोंडून पहिल्यांदा 'जी'शिवाय वाक्य मालकांपुढं गेलं, आणि आजूबाजूला सगळ्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला.

"तुह्या बापाले गिरणीत राहाचं का नाही?"

बा माझ्याजवळ आला. "देऊन टाक ना पोरी. आपण दुसरी करू."

"नाही बा."

"पोरी..."

"टायगरले मारलं त्यायनं. काऊन मारलं? जीव वाचवला म्हणून. मी माही चांदी त्या हातात देत नाही. मले गाडीत टाका, मंग तिले टाका."

मालकांनी गड्याला खुणावलं असेल. गडी जीपमधून उतरला, दोन पावलं आली. तेवढ्यात माय बाहेर आली. माझ्या शेजारी येऊन खाली मातीत बसली आणि चांदीच्या गळ्याला मिठी मारली. मग शेजारची म्हातारी आली, तीही बसली. आणखी एक. बायकाच. पुरुष उभे होते. गड्याची पावलं थांबली. बायकांच्या अंगाला हात लावायचा, आणि तोही आमच्या, हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

जीप गेली. धूळ तोंडात आली.

बाचं काम दुसऱ्या दिवशी सुटलं. किराण्याच्या दुकानानं आम्हाला देणं बंद केलं. धानाच्या रोवणीला मायला कोणी बोलावेना. वस्तीतल्याही काही जणांनी तोंड फिरवलं. एका कुत्रीपायी साऱ्या वस्तीच्या पोटावर पाय आणला, म्हणाले. ते खोटं नव्हतं. बिडीची पानं आणायलाही माय लांबच्या गावी जायला लागली. बा साकोलीला गेला. रस्त्याच्या कडेला ट्रकमध्ये लाकडं भरायचा. एका पावसाळ्यात ओंडका घसरला, कंबर गेली. मग खाटेवर पडून राहिला, आणि तिथंच गेला. त्यानं मला कधी म्हटलं नाही, तू बरं केलंस. वाईट केलंस, असंही म्हटलं नाही. शेवटी शेवटी तो फक्त चांदीशी बोलायचा.

हे सगळं माझ्या 'नाही'पायी झालं. मी ते नाकारत नाही. पण जोडा मी काढला नव्हता. काम मी काढून घेतलं नव्हतं. ज्यानं केलं, त्याच्या नावावरच ते राहू द्या.

बा गेल्यावर साकोलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरून एक गोंडीण आली. फुलनबाई. तिची नजर हळूहळू गेली होती. सुनेनं तिला घराबाहेरच्या मांडवात टाकलं होतं. बाजारात कोणीतरी माझं सांगितलं. ती शेजाऱ्याचा हात धरून आली आणि संगं पिल्लू घेऊन आली, पदराखाली. म्हणाली, "मले मोहफूल येचाले जाचं हाय. कोणी नेत नाही."

मी तिला घरात घेतलं. कुत्रं तयार होईपर्यंत ती आमच्याकडंच राहिली, आमच्याच ताटात जेवली. मी तिचा हात दांडीवर ठेवला आणि त्यावर माझा ठेवला. मध्ये छडी नाही. किती लवकर शिकली ती! हाताला हात लागला की दहा वाक्यं वाचतात.

मग कोणी कोणी येत गेलं. सुरुंगात डोळे गेलेला खाणीतला मजूर. देवीतलीच एक बाई, माझ्यासारखी. काही कुत्री तयार झाली, काही नाही झाली. एक ट्रकखाली गेलं. एकाला कोणीतरी विष घातलं. चांदी म्हातारी होऊन गेली. मी तिच्या नातीला शिकवलं. जे यायचे त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायची: इथं, या घरात राहावं लागेल. माझ्या मायच्या हातचं खावं लागेल. माझा हात धरावा लागेल. गावातला एक शेतकरी आंधळ्या बायकोसाठी आला. म्हणाला, "आमच्या घरी येऊन शिकव ना." मी म्हटलं, नाही. तो गेला. धान कापून झाल्यावर बायकोला घेऊन परत आला. ती बाई उंबऱ्यापाशी किती वेळ उभी राहिली. मग तिची जोडवी आत वाजली.

दिनकरबाबू आले ते इतक्या वर्षांनी. मालक वारले होते, मालकीणबाईही. गिरणी दिनकरबाबूंच्या भावांनी आपसांत वाटून घेतली होती. गडी त्यांना दारात सोडून गाडीत जाऊन बसला. मी आवाजावरून ओळखलं नाही, इतका तो बसला होता.

"मी दिनकर," ते म्हणाले. "मी तुह्या घरात येतो. जेवतो. तू म्हणशील ते. एक कुत्रं दे मले."

मी त्यांना आत घेतलं. पाणी दिलं. त्यांनी पिलं. घटघट, थांबले नाहीत. मी विचारलं, "टायगरले काऊन मारलं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मले हौद ठाऊक नव्हता."

"त्याले ठाऊक होता. तुमी त्याचं ऐकलं नाही."

"मित्र हसले. मले राग आला. तवा मी लहान होतो."

"माह्या बाले जोडा मारला तवा तुमी तिथंच होते. बानं तुमाले कढत पाण्यातून काढलं. तुमी काही बोलले का?"

बाहेर फुलनबाई आली होती. तिचं कुत्रं दाराशी अंग झटकत होतं. दिनकरबाबू त्या आवाजाकडं वळले.

"मी आंधळा आहो वो."

"मीबी आहो," मी म्हटलं.

ते बराच वेळ बसले. मी त्यांना जा म्हटलं नाही. कुत्रं देते, असंही म्हटलं नाही. मग गड्याला हाक मारून ते उठले. उंबऱ्यावर ठेचकाळले. मी हात दिला, उंबरा ओलांडून दिला, गाडीपर्यंत नेलं. तेवढं मी कोणासाठीही करीन. कुत्रं देणार नाही.

लोक म्हणतात, माफ करावं. माफीचं मला ठाऊक नाही. माझं काम माफीचं नाही, कुत्र्याचं आहे. मी एक जीव शिकवते, त्याला माणसावर विश्वास ठेवायला सांगते, आणि मग त्याची दांडी कोणाच्या तरी हातात देते. त्या हाताची जात मी पाहत नाही. तो हात काय करून आला आहे, ते पाहते. खालच्याला मारून आलेला असेल तर तो मालकाचा असो, माझ्या वस्तीतला असो, माझ्या नात्यातला असो, त्यात दांडी जाणार नाही. मला भूक लागो, गाव माझ्याशी बोलो न बोलो. माझ्या घरातून एकही कुत्रं मार खायला जाणार नाही.

आणि मीही नाही.